निब ‘फ्लेक्स’ आहे हे ओळखायचं कसं? आणि एका पेनाची निब दुसऱ्यात बसते का?

गोडोलीकर

नमस्कार मंडळी. साताऱ्यात गोडोलीला राहतो, शाईच्या पेनाचा नाद लागून सहा-सात महिने झालेत. प्रश्न जरा लांबण लावून लिहितोय कारण एकात एक गुंतलेत.

सुरुवात झाली आजोबांच्या वहीपासून. ट्रंकेत त्यांची हिशोबाची जुनी वही सापडली, त्यात प्रत्येक पानावर वरती ‘श्री’ काढलाय आणि तो श्री असा आहे की वेलांटीची रेघ केसासारखी सुरू होते आणि खाली येता येता भरदार होते. आपलंही अक्षर असं यावं असं मनात बसलं. मग मोबाईलवर व्हिडिओ बघितले, त्यात पेन दाबलं की निबेच्या दोन पाकळ्या फाकतात आणि रेघ जाड होते. मी माझ्या रोजच्या पेनावर तेच केलं, मेटलचं पेन, सहा नंबरची स्टीलची निब. दोन-तीन वेळा रेघ जाड आली, भारी वाटलं, आणि मग पेन लिहायचंच बंद झालं. आता उजेडात धरलं की दोन पाकळ्यांच्या मधून पलीकडची खिडकी दिसते.

मग ऑनलाइन एक ‘फ्लेक्स’ निब मागवली, त्यावरही सहा नंबरच लिहिलं होतं. पेनात बसली, पण हलते, आणि दाबून लिहिलं की एका रेघेच्या दोन बारीक रेघा होतात आणि मध्ये पांढरं राहतं.

ट्रंकेतच आजोबांचं काळं पेनही सापडलं, जाडजूड, ड्रॉपरने शाई भरायचं, नाव पुसलंय. राजपथावरच्या एका दुकानदारांनी बघून सांगितलं ह्यात पस्तीसची निब बसेल, पण त्यांच्याकडे नव्हती. पस्तीस म्हणजे काय, सहा म्हणजे काय, फ्लेक्स म्हणजे नेमकं किती वाकायला पाहिजे, आणि आजोबांच्या पेनाची निब ओढून काढू का नको, एवढं कुणीतरी समजावून सांगा. त्या पेनाला हात लावायची भीती वाटते.

मिरजेची_जवारी

भावा, आधी आजोबांचं पेन बाजूला ठेव, त्याला काही करू नको. त्याच्याबद्दल दुसरं कुणीतरी सांगेलच, मी फ्लेक्सचं सांगतो.

निब म्हणजे पत्र्याची वाकवलेली पट्टी, मधोमध चीर, चिरेच्या दोन्ही बाजूला पाकळ्या, टोकाला कठीण धातूचा बारीक मणी. सगळ्याच निबा थोड्याफार वाकतात. फ्लेक्स कशाला म्हणायचं, तर थोड्याशा दाबाने पाकळ्या फाकल्या पाहिजेत आणि हात उचलला की त्याच क्षणी परत मिटल्या पाहिजेत, पहिल्यासारख्या. ह्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं. फाकवायला काय, ताकद लावली तर कुठलीही निब फाकते, तुझी फाकलीच की. पण धातूची एक हद्द असते, तिच्या आत वाकवलं तर तो परत येतो, हद्द ओलांडली की तिथेच राहतो. अशा निबेला स्प्रंग म्हणतात. तुझी स्प्रंग झालीय.

आणि लिहायची का बंद झाली तेही बघ. शाई चिरेतून खाली येते ती चीर अरुंद असते म्हणून, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. मध्ये फट पडली की शाईला धरायला काही राहत नाही, ती वरच अडकते. चांगली निब उजेडात धरलीस तर चीर वरच्या भोकापासून टोकाकडे निमुळती होत जाते आणि मण्याजवळ दोन्ही बाजू जेमतेम टेकलेल्या दिसतात.

आता एखादी निब वाकते आणि दुसरी खिळ्यासारखी ताठ राहते, हे कशाने? लोक म्हणतात सोन्याची असली की फ्लेक्स. तसं नसतंय. चौदा कॅरेट म्हणजे ५८.५ टक्के सोनं, अठरा कॅरेट म्हणजे ७५ टक्के, निबेवर ५८५ किंवा ७५० असा आकडा असतो तो हाच, आणि दोन्हींत दगडासारख्या ताठ निबा भरपूर आहेत. खरा खेळ आकाराचा. पत्रा किती पातळ, पाकळ्या किती लांब, खांदे किती अरुंद. पत्र्याची जाडी निम्मी केली तर तो तेवढाच वाकवायला आधीच्या आठव्या हिश्श्याचा जोर पुरतो, एवढा फरक पडतो. म्हणून काही निबांना दोन्ही खांद्यांवर अर्धगोल खाचा कापलेल्या असतात, पायलटच्या एफए निबेला बघ, तिथे धातू कमी म्हणून ती वाकते.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत कारागीर जवारी काढताना बघितलंय का कधी? तारेखालच्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायची, परत दोन हात फिरवायचे. किती घासायचं ह्याचा आकडा नाही, कानाने ठरतं, आणि एक हात जास्त झाला तर आवाज बसतो. निबेचं अगदी तसंच आहे, म्हणून माझं हे नाव. घरी कानस घेऊन खाचा पाडायला जाऊ नको, एवढंच सांगतो. आधी हाताला ताठ निब आणि वाकणारी निब ह्यातला फरक कळू दे.

तपासायचं असेल तर निब डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकव, पेनाचं वजन आणि वर बोटाचा अगदी हलका भार. एवढ्याशा जोराने पाकळ्या हलल्या तर ती वाकणारी. बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत दाबावं लागत असेल तर थांब, ती त्या कामाची नव्हे.

बिघडलेल्या निबेचं म्हणशील तर टाकून देऊ नको. डावी पाकळी उजवीवर हलकेच चढवून सोडायची, मग उजवी डावीवर, असं चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी उजेडात बघायचं. फट बरीच मिटते. पहिल्यासारखी होईल असं नाही, पण शिकायला तीच निब सगळ्यात चांगली, बिघडायची भीती गेलेली असते.

कोरेगाव_स्टेशन

गोडोलीकर, दोन रेघा आणि मध्ये पांढरं, त्याला रेलरोडिंग म्हणतात, रेल्वेच्या रुळांसारखं दिसतं म्हणून. निब उघडतेय पण खालची जीभ, म्हणजे निबेला शाई आणून देणारा भाग, तेवढी शाई पुरवत नाही. हळू लिहून बघा आधी. फ्लेक्सने लिहायचा वेग बॉलपेनाच्या निम्मासुद्धा नसतो.

स्वस्तात खरा फ्लेक्स अनुभवायचा असेल तर टाक घ्या, टाक. झेब्रा जी नावाची जपानी निब येते, मंगा चित्रं काढणारे वापरतात, लाकडी दांड्यात खोचायची आणि दौतीत बुडवून लिहायचं. मी तिच्यावरच शिकलो. काही जण ती जिनहाओ एक्स ७५० ह्या शाईच्या पेनात घालतात, बसते, पण ती शाईत बुडून राहायला केलेलीच नाही, गंजते. रोज धुऊन पुसून ठेवायची तयारी पाहिजे.

आणि चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई शाईच्या पेनात कधीही भरू नका. टाकाला चालते. पेनात ती आतल्या आत वाळून लाखेसारखी बसते, मग काहीही करा.

वाईची_मोडीवाली

सगळं वाचलं. मला एक गोष्ट आधी विचारायची होती, तो आजोबांचा श्री कशाने काढलाय? कारण फ्लेक्स निबेने देवनागरी लिहून बघितलं तर तसा श्री येत नाही, हे मी स्वतः दोन वर्षं घालवून शिकलेय.

मी वाईत मोडी आणि बाळबोध दोन्ही शिकते आणि शिकवते, बोरूने. जाड-बारीक रेघ यायच्या दोन वाटा आहेत आणि त्या पूर्ण वेगळ्या आहेत. एक दाबाची, दुसरी छाटाची. फ्लेक्स म्हणजे दाबाची. त्यात निब फक्त स्वतःकडे ओढताना उघडते. वर ढकलली की टोक कागदात रुततं, आडवी नेली तर उघडतच नाही. इंग्रजी कॉपरप्लेट अक्षर ह्याच तत्त्वावर आहे, खाली येणारी रेघ जाड, वर जाणारी बारीक.

आता देवनागरी घ्या. ‘क’ काढा फ्लेक्सने. दंड खाली येतो, तो जाड येईल. शिरोरेघा डावीकडून उजवीकडे आडवी, ती तारेसारखी बारीक राहील. म्हणजे जाडजूड खांबावर सुतळी बांधल्यासारखं दिसतं. बोरूने लिहिलेल्या जुन्या पोथीत बघा, शिरोरेघासुद्धा भरदार असते आणि गोलाई जिथे वळते तिथे आपोआप बारीक होते. तिथे दाब कुठेच नाही. बोरूचं टोक चपटं आणि तिरकं छाटलेलं असतं, हात एकाच कोनात धरायचा, रेघेची दिशा बदलली की जाडी बदलते. आणि आपल्या लिपीसाठी ही छाट रोमनच्या उलट बाजूला तिरपी लागते. इंग्रजी कॅलिग्राफीची पुस्तकं बघून देवनागरी गिरवणाऱ्यांचं अक्षर अवघडल्यासारखं दिसतं, त्याचं मोठं कारण हेच.

तेव्हा गोडोलीकर, एक करा. भिंग घ्या आणि श्रीची शिरोरेघा बघा. भरदार असेल तर बोरू किंवा छाटलेली निब. बारीक असेल आणि फक्त उभ्या रेघा जाड असतील तर दाबाची निब, म्हणजे टाक किंवा जुनी मऊ निब. आणखी एक खूण म्हणजे जाड रेघेच्या दोन्ही कडा. दाबाच्या निबेत पाकळ्यांची टोकं दोन्ही कडांवर घासतात, तिथे शाई जराशी गडद बसते.

छाटाची वाट असेल तर तुम्हाला स्टब निब लागेल, चपट्या टोकाची. १.१ मिलिमीटर रोजच्या लिहिण्याला बरी. १.५ घेतलीत तर मथळे सुंदर येतील पण ‘ई’ आणि ‘झ’सारख्या अक्षरांची पोटं बुजतील. सरळ छाटाची असली तरी कागद थोडा फिरवून ठेवला की देवनागरीचा कोन जमतो, मी पाटीवर कागद तिरका लावूनच लिहिते. आणि दाब शून्य. स्टबला दाबायचं नसतं.

विश्रामबाग_दौत

ताईंनी मूळ सांगितलं. मी सांगलीतून, आता बसतं की नाही बसत तेवढं सांगतो. पंधरा-वीस पेनं उघडून झालीत माझी, त्यामुळे बरंच हाताने कळलंय.

सहा नंबर, पाच नंबर हे शर्टाच्या मापासारखं समजा. ४० चा शर्ट सगळ्या कंपन्यांचा सारखा बसतो का? नाही ना. तसंच. जोवो आणि बॉक ह्या जर्मन कंपन्या दोघीही सहा नंबरच्या निबा करतात. नुसती निब एकमेकींच्या जिभेवर बहुतेक वेळा बसवून घेता येते. पण निब, जीभ आणि बाहेरची नळी असा अख्खा संच घेतलात तर दोघींचे आटे वेगळे, एकीचा संच दुसरीच्या पेनात फिरतच नाही. लोक इथेच फसतात, नंबर सारखा बघून मागवतात. पायलटचे नंबर तर त्यांचे स्वतःचे, पाच, दहा, पंधरा, त्यांचा ह्या पाच-सहाशी काही संबंध नाही.

आपल्याकडच्या पेनवाल्यांची पद्धत वेगळी, ते निब लांबीने सांगतात. तुमच्या दुकानदारांनी पस्तीस म्हटलं ते ३५ मिलिमीटर, आणि ती ढोबळमानाने सहा नंबरच. चाळीसची त्याहून मोठी.

पण लांबीपेक्षा दुसरी गोष्ट बघायची, निबेची गोलाई. निब जिभेच्या पाठीवर पन्हाळीसारखी बसते. पन्हाळीचा बाक आणि जिभेचा बाक जुळला पाहिजे. तुमची नवीन निब हलते म्हणजे तिचा बाक पसरट आहे, जिभेला पूर्ण चिकटत नाही, मध्ये हवा राहते आणि शाई तुटते. म्हणजे रूळ उमटतात त्याला कोरेगावकरांनी सांगितलेलं कारण आहेच, पण तुमच्या बाबतीत हेही आहे. पेनाचं तोंड समोर धरून बघा, निब आणि जीभ ह्यांच्यामधून उजेड दिसतोय का. दिसत असेल तर तीच भानगड.

जीभ एबोनाइटची असेल तर हे दुरुस्त होतं. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर, गरम झालं की नरम पडतं. निब आणि जीभ जोडून गरम पाण्यात थोडा वेळ धरायची, मग बोटाने जीभ निबेला हलकी दाबून गार होईपर्यंत तशीच धरायची, बाक जुळतो. प्लॅस्टिकच्या जिभेला हे करू नका. आजकालच्या बहुतेक पेनांत प्लॅस्टिकचीच असते, तिथे निब बदलणं एवढाच इलाज.

बिनधास्त बदलता येतील अशीही पेनं आहेत. लामी सफारी आणि तिच्या बहिणी घ्या, निब चिकटपट्टी लावून पुढे ओढली की सरकून येते, दुसरी सरकवायची. त्यात १.१, १.५, १.९ अशा चपट्या निबाही मिळतात, ताईंनी सांगितलेलं तिथे लगेच करून बघता येईल. पायलटचं मेट्रोपोलिटन, काकुनो, प्लुमिक्स ह्यांच्या निबा आपापसांत बदलतात, आणि प्लुमिक्सची चपटी आहे. उलट हिरो ६१६सारखी झाकल्या निबेची पेनं ह्या खेळात घेऊ नका, तिथे निब नखाएवढी आणि सगळी टोपीखाली, ना वाकते ना बदलायला सोपी.

आता आजोबांचं पेन. काळं, जाड, ड्रॉपरचं म्हणताय म्हणजे एबोनाइटचं असायची शक्यता आहे, राजमुंद्रीच्या रत्नम वगैरेंची तशीच असायची. खात्री करायची तर कोरड्या अंगठ्याने बॅरल जोरात चोळा आणि वास घ्या, सायकलच्या ट्यूबसारखा गंधकाचा वास आला तर एबोनाइट.

निब लगेच ओढू नका. आधी पुढचा भाग साध्या पाण्याच्या वाटीत दोन दिवस बुडवून ठेवा, पाणी काळं झालं की बदला. आतली वाळलेली शाई हाच डिंक असतो, तो सुटला की अर्धं काम झालं. गरम पाणी नको, जुन्या एबोनाइटचा काळा रंग उडून शेवाळी होतो आणि तो परत येत नाही. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा घ्या, निब वरून आणि जीभ खालून एकत्र धरा, सरळ पुढे ओढा. पिळायचं नाही. पिळलं की निबेची बाजू चिरते. नाही आली तर परत पाण्यात. माझं एक पेन सहा दिवसांनी सुटलं.

काढायच्या आधी फोटो काढून ठेवा, निब जिभेच्या किती पुढे आहे ते दिसलं पाहिजे. परत बसवताना तेवढीच पुढे. जास्त पुढे गेली की कोरडं लिहितं, मागे गेली की ठिपके टाकतं. आणि ड्रॉपरचं पेन शाई संपत आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगून शाई ओकतं, तेव्हा टाकी पाव राहिली की भरून टाकत जा, आणि बॅरलच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा.

मिरजेची_जवारी

मोडीवाली ताई, कडांवर शाई गडद बसते ते लय भारी निरीक्षण, मी इतकी वर्षं लिहितोय, कधी बघितलं नव्हतं. आत्ता भिंग घेऊन बसलोय.

ह्यात एक भर घालतो. जुन्या निबा मऊ असायच्या आणि नंतर ताठ झाल्या, त्यात कार्बन पेपरचा मोठा हात आहे. एका वेळी दोन-तीन प्रती काढायच्या तर दाबून लिहावं लागतं, मऊ निब तिथे मोडते. म्हणून त्या कामासाठी मुद्दाम ताठ निबा काढल्या, त्यांना मॅनिफोल्ड म्हणायचे. अमेरिकेतल्या एस्टरब्रुक कंपनीच्या निबा आट्यांच्या होत्या, एकाच पेनात गिऱ्हाइकाने हवी ती फिरवून लावायची, त्यात वाकणारी ९१२८ पण होती आणि ताठ पण होत्या. हिशोबाला एक, पत्राला एक. म्हणजे गोडोलीकर, तू आज जे विचारतोयस ते त्या लोकांनी रोजच्या वापरात सोडवलेलं होतं.

गोडोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, दहा दिवसांनी लिहितोय कारण सगळं करून बघितलं.

ताई, श्री भिंगातून बघितला. घड्याळवाल्या काकांकडून भिंग आणलं. शिरोरेघा बारीक आहे! उभी रेघ आणि वेलांटीची उतरती बाजू तेवढीच जाड, आणि तुम्ही म्हणालात तशी जाड रेघेला दोन्हीकडून गडद किनार आहे, मध्ये फिकट. पण आतल्या पानांवरची अक्षरं सगळी एकसारख्या जाडीची आहेत. म्हणजे श्री एका लेखणीने काढायचे आणि हिशोब दुसऱ्या लेखणीने. आजीला विचारलं तर ती लगेच म्हणाली, पाडव्याला वहीपूजन झालं की पुढच्या सगळ्या पानांवर एका बैठकीत टाकाने श्री काढून ठेवायचे, मग वर्षभर पेन.

आजोबांचं पेन चौथ्या दिवशी सुटलं. अंगठ्याने चोळल्यावर ट्यूबचा वास आला. निब पिवळी आहे, जीभ एबोनाइटची, दोघींचा बाक जुळलेला आहे आणि निबेला काहीही झालेलं नाही, नुसती वाळलेली शाई होती. धुतली, फोटो बघून तेवढीच पुढे बसवली, निळी शाई भरली, आणि आजीने स्वतःचं नाव लिहून बघितलं. निब ताठ आहे, नखावर टेकवली तर हलत नाही.

माझ्या बिघडलेल्या निबेची फट पाकळ्या चढवून बरीच मिटली, आता जरा जाड लिहिते पण लिहिते. दांडा आणि ‘झेब्रा जी’ निब मागवलीय. ताई, टाकासाठी कागद कुठला घेऊ? घरातल्या वहीवर शाई फुटते.

वाईची_मोडीवाली

आजींना नमस्कार सांगा. पाडव्याच्या श्रीचं वाचून अंगावर काटा आला.

साध्या वहीचा कागद शाई शोषतो, म्हणून फुटते. गुळगुळीत आणि जरा जाड कागद घ्या, छपाईवाल्यांकडे १०० जीएसएमचे सुटे ताव मिळतात, ते कापून घेतले तर स्वस्तात पडतात. घ्यायच्या आधी कोपऱ्यावर एक ठिपका आणि एक आडवी रेघ मारून बघा, कड धारदार राहिली तर घ्या. नवी ‘झेब्रा जी’ निब लिहायच्या आधी साबणाच्या पाण्याने घासून पुसून घ्या, तिच्यावर तेलाचा थर असतो, त्यामुळे शाई गोळा होऊन ओघळते. आणि श्री काढताना वेलांटी वर जाताना हात एकदम सैल सोडा, खाली वळली की मगच भार द्या.